जेवणानंतरचे दोन तास

उपाशी माणसाला भोवळ आली तर घरात कोणाला नवल वाटत नाही. पण दुपारी एक वाजता नीट जेवलेला माणूस अडीच-तीनच्या सुमारास घामाने डबडबतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, समोरचा काय बोलतोय ते कळेनासे होते. अशा वेळी कोणी ‘साखर उतरली असेल’ म्हटले, तर तो स्वतःच म्हणतो, ‘आत्ता तर जेवलोय की!’ वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या काही जणांना होणारा त्रास नेमका हाच आहे. त्यांची साखर उतरते ती जेवल्यामुळेच.

हा त्रास शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू होत नाही. बहुधा वर्ष उलटून गेलेले असते. वजन उतरलेले असते, मधुमेहाच्या गोळ्या सुटलेल्या असतात, सैल झालेले कपडे कोणाला तरी देऊन टाकलेले असतात. सातारा-सांगलीकडच्या अनेकांची शस्त्रक्रिया पुण्या-मुंबईला झालेली असते, आणि तोवर तिकडच्या फेऱ्याही विरळ झालेल्या असतात. त्यामुळे दुपारी आलेल्या चकरेचा त्या जुन्या शस्त्रक्रियेशी काही संबंध असेल, हे रुग्णाच्या ध्यानात येत नाही आणि गावातल्या डॉक्टरांना ते कोणी सांगत नाही. मग अशक्तपणा, पित्त, बीपी, पाळी जाण्याचे वय, मनाचा खेळ अशी एकेक नावे त्या त्रासाला चिकटतात. काही घरांत तर बाहेरची बाधा म्हणून अंगारे-धुपारेही होतात.

आणि हा सगळा मुलूख उसाचा. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा अशी नावे इथे पोराटोरांना पाठ असतात. दारात आलेल्या पाहुण्यापुढे गूळ-पाणी ठेवायचे, उन्हातून आलेल्याला उसाचा रस पाजायचा, चक्कर आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा, ही इथली माया आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला हीच माया कधी वाचवते आणि कधी पुन्हा पाडते. ती कुठे वाचवते आणि कुठे पाडते, ते घरातल्या प्रत्येकाला समजले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

एक चमचा साखर

आपल्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी त्यात दर १०० मिलिलीटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. गुणाकार केला तर सगळ्या रक्तात मिळून साखर भरते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. या एका चमच्यावर मेंदू चालतो. मेंदूचे वजन शरीराच्या शेकडा दोन भाग, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो, आणि स्वतःजवळ साठा असा जवळपास ठेवत नाही. त्यामुळे हा चमचा अर्ध्यावर आला की सगळ्यात आधी डोके काम करेनासे होते.

आता रसवंतीवरचा उसाचा रस घ्या. बर्फ सोडून दोनशे मिलिलीटर रसात साखर असते साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे सबंध रक्तात आहे त्याच्या पाच-सहा पट. धडधाकट माणूस तो पेला गटागट पितो आणि त्याला काही होत नाही, कारण मधे जठर आहे. कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, ट्रक रांगेत उभे असतात आणि गव्हाणीत मोळ्या तेवढ्याच पडतात जेवढ्या गाळता येतील. जठर म्हणजे शरीराचे ते आवार. अन्न तिथे थांबते, घुसळते, आणि खालच्या दारातून थोडे थोडे लहान आतड्यात सोडले जाते.

शस्त्रक्रियेत हे आवारच लहान होते किंवा वाटेतून बाजूला काढले जाते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची अंड्याएवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जठराच्या तळाचे दार त्यात राहतच नाही. आपल्याकडे एकाच जोडाची ‘मिनी बायपास’ही बरीच होते. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरते केळ्यासारखी अरुंद नळी. तिथे तळाचे दार शाबूत असते, तरी अन्न पूर्वीपेक्षा वेगाने पुढे सरकते. साखर उतरण्याचा त्रास बायपासनंतर जास्त दिसतो. स्लीव्हनंतर तो होतच नाही, असे मात्र नाही.

आवार गेले की गाडीभर ऊस एकदम गव्हाणीत. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासात रक्तातली साखर दोनशेच्या वर उसळू शकते. लहान आतड्याच्या खालच्या भागात एरवी कधी न पोचणारी साखर तिथे लोटली जाते, आणि तिथल्या पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक नेहमीपेक्षा कित्येक पटींनी सोडतात. हे संप्रेरक स्वादुपिंडाला सांगते, इन्सुलिन पाठव. स्वादुपिंड पाठवते, आणि भरपूर पाठवते. तोवर जेवणातली साखर संपलेली असते. आता रक्तात इन्सुलिन आहे, पण त्याने आवरावी अशी साखर नाही. एका तासानंतर, कधी दोन-तीन तासांनी, आकडा ५४ च्या खाली जातो. वजन आणि मधुमेह यांसाठी सध्या जी इंजेक्शने गाजत आहेत, ती याच जीएलपी-१ च्या धर्तीवर बनवलेली आहेत. बायपासने मधुमेह आटोक्यात येतो त्यातही या संप्रेरकाचा वाटा आहे. ज्या गुणाने शस्त्रक्रिया उपयोगी पडते, तोच गुण काहींच्या बाबतीत हाताबाहेर जातो.

इथे दोन त्रासांची गल्लत होते, ती टाळावी. गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासातच पोटात कळ, मळमळ, जुलाब, चेहरा लाल होणे, छातीत धडधड असे झाले तर ते ‘लवकरचे डम्पिंग’. जठराच्या शस्त्रक्रियांनंतर होणाऱ्या अशा त्रासाला हे नाव १९२२ च्या सुमारास, लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा मागमूसही नसताना पडले. त्यात आतड्यात पाणी ओढले जाते, आणि साखर बहुतेक वेळा उतरलेली नसते. तासाभरानंतर घाम, थरथर आणि गोंधळ सुरू झाला तर मात्र साखरच तपासायला हवी. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘चक्कर येते’ एवढेच सांगू नका. जेवण संपल्यावर किती वेळाने येते, ते घड्याळ लावून सांगा. निम्मे निदान त्या उत्तरात आहे.

या आजाराच्या इतिहासातले एक पान फार बोलके आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपास झालेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. जेवणानंतर त्यांची साखर धोकादायक पातळीवर उतरत होती. दोष स्वादुपिंडात आहे, तिथल्या इन्सुलिनच्या पेशी वाढल्या आहेत, असे समजून त्यांच्या स्वादुपिंडाचा काही भाग काढण्यात आला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी तेच नमुने पाहून शंका घेतली, की या पेशी खरेच वाढल्या आहेत का? पुढे असे दिसले, की स्वादुपिंड कापूनही अनेकांचा त्रास परत येतो. मग बायपास झालेल्या एका रुग्णाच्या बाजूला पडलेल्या जुन्या जठरात पोटावरून नळी घालून अन्न देऊन पाहिले गेले. तेच अन्न, तोच माणूस, तेच स्वादुपिंड; पण अन्न जुन्या वाटेने गेले तेव्हा साखर उतरली नाही. स्वादुपिंड त्याला आलेल्या हुकमाप्रमाणे वागत होते. चूक होती अन्नाच्या वेगात. आज या आजाराचा पहिला उपचार ताटापासून सुरू होतो त्याचे कारण हे आहे, आणि स्वादुपिंडावर सुरी चालवण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी बंद झाला आहे.

किती जणांना होते? बायपासनंतर असा त्रास जाणवतो असे पाहण्यांमध्ये साधारण एक तृतीयांश लोक सांगतात. इस्पितळात दाखल करावे लागते अशांचे प्रमाण मात्र फार कमी आहे. स्वीडनमधल्या पाच हजारांहून अधिक बायपास रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ते हजारी दोन निघाले. शस्त्रक्रिया करू नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. भयंकर लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्यापासून या शस्त्रक्रियेने असंख्य माणसे वाचवली आहेत. पण आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून तिचा विचार करावा, असे आंतरराष्ट्रीय संघटना २०२२ पासून सांगत आहेत, म्हणजे ती करून घेणारे वाढणार. त्यांच्यासोबत हा त्रास ओळखणारेही वाढायला हवेत.

ओळखायचे कसे

साखर उतरू लागली की शरीर आधी आरडाओरडा करते: घाम, कापरे, धडधड, कडकडून भूक, उगाच भीती. मेंदूला साखर कमी पडू लागली की दुसरी लक्षणे येतात. शब्द अडखळतात, दृष्टी धूसर होते, माणूस तेच तेच बोलतो, चिडतो, कधी हसत सुटतो, कधी झापड येते, आणि क्वचित फिट येते. सातारा स्टँडवर भर दुपारी झोकांड्या खात जाणारा, जीभ जड झालेला माणूस दिसला तर लोक काय समजतील? ‘दुपारीच लावून आलाय’ म्हणतील आणि बाजूला होतील. म्हणून ज्यांना हा त्रास आहे त्यांनी पाकिटात एक चिठ्ठी ठेवावी: ‘माझी जठराची बायपास झाली आहे. बेशुद्ध दिसलो तर आधी रक्तातली साखर तपासा.’ खाली शस्त्रक्रियेची तारीख, चालू औषधे आणि घरचा फोन.

वारंवार साखर उतरत राहिली तर आणखी एक वाईट गोष्ट होते. घाम आणि थरथर हे पहारेकरी थकतात, इशारा देईनासे होतात, आणि माणूस थेट गोंधळात जातो. काही आठवडे साखर उतरू दिली नाही तर हे पहारेकरी बऱ्याच अंशी परत कामावर येतात.

अमेरिकी शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३८ मध्ये सांगितलेली कसोटी अजून चालते: लक्षणे असताना साखर मोजली, ती खरोखर कमी निघाली, आणि साखर वर येताच लक्षणे गेली, तरच निदान पक्के. याचा व्यवहारातला अर्थ असा, की ग्लुकोमीटर घरात हवा आणि चक्कर आलेली असतानाच बोट टोचायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये जाऊन उपाशीपोटी रक्त दिले तर आकडा झकास येईल आणि ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ असे ऐकून माणूस परत येईल. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणीही इथे उपयोगाची नाही. उसळी आणि घसरण यांची सरासरी छान सरळ दिसते. आणखी एक: बोट टोचण्याआधी हात पाण्याने धुऊन कोरडे करा. बोटाला गुळाचा, रसाचा, बेदाण्याचा चिकटा असेल तर मीटर साठच्या जागी दीडशे दाखवते. घरात कोणाला गूळ फोडल्यावर लगेच बोट टोचायची वेळ आली, तर हे विसरले जाण्याची शक्यता फार असते.

एका चाचणीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पाजून करतात ती जीटीटी गावोगावच्या लॅबमध्ये सहज होते. बायपास झालेल्या माणसावर ती करू नये. रिकाम्या वाटेने एवढे ग्लुकोज आतड्यात ओतणे म्हणजे त्रास मुद्दाम ओढवून घेणे, आणि तिचे आकडेही दिशाभूल करतात. गरज पडली तर प्रथिने, स्निग्ध आणि पिष्ट पदार्थ असलेले ठरावीक जेवण देऊन, देखरेखीखाली साखर मोजतात. दंडावर चिकटवायचा सेन्सर दोन आठवडे सतत साखर दाखवतो. त्याला काही हजार रुपये पडतात, आकडा थोडा मागे असतो, पण कोणत्या जेवणानंतर घसरण होते ते कागदावर उमटते. ज्याला परवडेल त्याने एकदा तरी लावावा.

साखर पहाटे किंवा उपाशीपोटी उतरत असेल, किंवा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही महिन्यांतच उतरू लागली असेल, तर कारण वेगळे असू शकते. मधुमेहाची जुनी गोळी अजून चालू आहे का, हे सर्वांत आधी पाहा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या वजन उतरल्यावरही सवयीने घेतल्या जातात. स्वादुपिंडातली गाठ, अधिवृक्क ग्रंथींचा दोष हीदेखील कारणे असतात आणि ती तज्ज्ञांनीच शोधायची.

चक्कर आली त्या क्षणी

समजा, कराडजवळच्या एखाद्या घरात सुनेची बायपास होऊन दोन वर्षे झाली आहेत. दुपारी भांडी घासता घासता तिला घाम फुटतो. सासूबाई धावत येतात, ‘अगं, बस खाली, हा घे गूळ, खा,’ म्हणतात. शुद्ध असेल, गिळता येत असेल, तर पहिल्या मिनिटाला सासूबाईंचे चुकलेले नाही. उतरलेली साखर वर आणायला साखरच लागते. प्रश्न आहे किती, कोणती, आणि त्यानंतर काय.

किती, तर १५ ग्रॅम. ग्लुकोज पावडरचे तीन-चार सपाट चमचे अर्ध्या पेला पाण्यात. पंधरा मिनिटे थांबा, पुन्हा मोजा. आकडा ७० च्या वर आला नसेल तरच पुन्हा तेवढेच द्या. घाबरून मूठभर गूळ, त्यावर साखरेचा चहा, त्यावर दोन पेढे असे केले, तर अर्ध्या तासात साखर पुन्हा दोनशेच्या वर, पुन्हा इन्सुलिनचा लोंढा, आणि संध्याकाळी पुन्हा चक्कर. दिवसभर हा झोका चालतो. काही महिन्यांत उतरवलेले वजनही परत चढते, कारण प्रत्येक चकरेवरचे औषध गोडच असते.

कोणती, याचे उत्तर उसाच्या मुलखात फार महत्त्वाचे आहे. या त्रासावर बहुतेक वेळा अकार्बोज नावाची गोळी देतात. ती आतड्यातल्या विकरांना अडवते, त्यामुळे पिष्ट आणि साखर सावकाश फुटतात. पण साखर आणि गूळ दोन्ही मुख्यतः सुक्रोज. सुक्रोज फुटल्याशिवाय रक्तात जात नाही, आणि गोळीने तो फुटणेच रोखलेले असते. म्हणजे अकार्बोज घेणाऱ्याला चक्कर आली तर गूळ, साखर, पेढा, उसाचा रस यांपैकी काहीही वेळेवर कामी येणार नाही. त्याला शुद्ध ग्लुकोजच हवे. औषधाच्या दुकानात ग्लुकोजचा डबा किंवा गोळ्या मिळतात. डब्यावर घटक वाचून घ्या, कारण काही चवीच्या पावडरींत साखरही मिसळलेली असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवा. एक देव्हाऱ्याजवळ, एक पर्समध्ये, एक गाडीच्या डिकीत, एक शाळेत किंवा कचेरीत.

त्यानंतर काय, तर आकडा वर आल्यावर पोटात काहीतरी सावकाश पचणारे गेले पाहिजे: मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, एक उकडलेले अंडे, पनीरचे चार तुकडे, वाटीभर घट्ट दही. नाही तर चढवलेली साखर टिकत नाही.

माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला फिट येत असेल, तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, आणि ‘जठराची बायपास झाली आहे, साखर कमी झालेली असू शकते’ हे वाक्य फोनवरच सांगा. शिरेतून ग्लुकोज गेले की माणूस बहुधा मिनिटांत डोळे उघडतो. ज्यांना हे आधी एकदा झाले आहे, त्यांनी ग्लुकागॉनच्या इंजेक्शनबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे आणि घरातल्या दोघांनी ते द्यायला शिकावे.

ताटातला उपचार

या आजारात औषधापेक्षा ताट मोठे आहे. आहारतज्ज्ञांचा साधारण नियम असा: एका जेवणात पिष्ट आणि साखर मिळून ३० ग्रॅमपर्यंत, मधल्या खाण्यात १५ ग्रॅमपर्यंत, आणि प्रत्येक वेळी सोबत प्रथिने. आकडे ऐकायला सोपे, पण आपल्या ताटात ते बसवायचे कसे?

चाळीस ग्रॅम पिठाची ज्वारीची एक मध्यम भाकरी घेतली, तर तिच्यातच २७-२८ ग्रॅम झाले. दीडशे ग्रॅम शिजलेला भात, म्हणजे एक वाटी, चाळीसच्या आसपास जातो. पन्नास ग्रॅम पोह्यांची बशी ३८. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट, पन्नास ग्रॅमची खिचडी त्रेचाळीसपर्यंत. मूठभर बेदाण्यांत वीस ग्रॅमच्या वर साखर. ‘ज्वारी मधुमेहाला चांगली’, ‘खपली गहू चालतो’ हे खरे आहे; ते गव्हा-भातापेक्षा थोडे सावकाश पचतात. पण दोन भाकऱ्या म्हणजे दोन भाकऱ्याच. प्रमाण मोजल्यावाचून सुटका नाही.

चांगली गोष्ट अशी, की या दोन जिल्ह्यांच्या स्वयंपाकात याचे उत्तर आधीपासून आहे. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर, कोरेगावचा वाघ्या घेवडा, माण-खटावची मटकी, हुलग्याचे माडगे, पिठले, अंड्याची पोळी, सुके चिकन. ताटाचा कणा यांच्यातून उभा करायचा आणि भाकरी अर्धीच ठेवायची. कडधान्यातही पिष्ट असते, म्हणून तीही वाटीभरच, पण सोबतच्या प्रथिनांमुळे आणि चोथ्यामुळे ती आतड्यात सावकाश उतरतात. खाण्याचा क्रमही बदलून पाहा: आधी उसळ किंवा अंडे, मग कोशिंबीर-भाजी, शेवटी भाकरी. वीस-पंचवीस मिनिटे चावत खायचे. जेवताना पाणी नाही, आधी-नंतर अर्धा तास नाही, कारण पाण्यासोबत अन्न आणखी वेगाने खाली जाते. भाकरी कुस्करून आमटीत किंवा दुधात भिजवून खाण्याची सवय इथे जबरदस्त आहे आणि नेमकी तीच सोडावी लागते. ते पातळ काल्यासारखे अन्न नव्या वाटेवरून सरकन घसरते.

पातळ गोड तर पूर्ण बंद: उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक, फळांचे रस, साखर घातलेला चहा. फळ खायचे तर अख्खे, थोडे, आणि शेंगदाण्यांसोबत. कंदी पेढ्यात खवा आहे म्हणून तो चालतो, असे समजणाऱ्यांनी त्यातली साखरही मोजावी. दारू टाळावीच, बायपासनंतर ती झपाट्याने चढते आणि यकृत साखर सोडेनासे होते, म्हणजे साखर उतरण्याची दुसरी वाट उघडते.

खरी कसोटी असते लग्नाच्या पंगतीत आणि उपवासाच्या दिवशी. पंगतीत आग्रह असतो, ‘घ्या हो वहिनी, एवढी एक जिलबी, एकानं काय होतंय!’ यांच्या बाबतीत एका जिलबीने पुष्कळ होते. आग्रह करणाऱ्याला हे माहीत नसते. म्हणून यजमानाला आधी सांगून ठेवणे बरे. उपवासाचे तर उलटेच आहे. दिवसभर काही न खाण्यापेक्षा जास्त त्रास होतो तो साबुदाणा, रताळे आणि केळे यांनी. उपवास सोडवत नसेल तर थोडी भगर, तिच्या दुप्पट शेंगदाण्याची आमटी, आणि दही. आषाढात ज्ञानेश्वरमाऊलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. वाटेत गावोगावचे लोक मायेने चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, सरबत वाटतात. बायपास झालेल्या वारकऱ्याला चालण्याने आधीच साखर कमी पडत असते, त्यात हे गोड. त्याने खिशात फुटाणे-शेंगदाणे आणि ग्लुकोजच्या पुड्या बाळगाव्यात, दिंडीतल्या एका सोबत्याला सगळे सांगून ठेवावे, आणि मिळालेला लाडू माथ्याला लावून दुसऱ्याच्या हातावर ठेवावा.

गाडी चालवणाऱ्यांसाठी नियम कडक हवा. साताऱ्यात जेवून पुण्याकडे निघालेला माणूस तासाभरात खंबाटकी घाटात असतो, सांगलीहून निघालेला दोन तासांत कराड ओलांडतो. म्हणजे साखर उतरण्याची वेळ आणि ट्रकांच्या गर्दीची वाट एकच. निघण्याआधी मोजा, दीड तासाने थांबून पुन्हा मोजा, आणि चक्कर येऊन गेली असेल तर साखर वर आल्यावरही पाऊण तास चाक हातात घेऊ नका. मेंदू आकड्यापेक्षा उशिरा ताळ्यावर येतो. दुचाकीवर तर हे दुप्पट पाळावे.

नेटाने ताट सुधारले की अनेकांचा त्रास आटोक्यात येतो. नाही आला तर अकार्बोज. त्यानेही भागले नाही तर डायझॉक्साइड, ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शने. आणि अगदी शेवटी जुनी वाट पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया. हे सगळे हार्मोनतज्ज्ञ आणि मूळ शल्यचिकित्सक यांनी मिळून ठरवायचे. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशन इस्पितळ उभारले तेव्हापासून हा भाग मोठ्या उपचारासाठी मिरजेची वाट धरत आला आहे. आज मिरज-सांगलीत आणि कराडातही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पुण्या-मुंबईची फेरी जमत नाही म्हणून तपासणीच सोडून देण्याचे कारण उरलेले नाही. जाताना शस्त्रक्रियेचा कागद न्या, त्यावर बायपास की स्लीव्ह हे लिहिलेले असते, आणि दोन आठवड्यांची वही न्या: काय खाल्ले, किती वाजता, त्रास किती वाजता, आकडा किती.

घरातल्या माणसांना एक विनंती. जेवून उठलेली बाई दोन तासांनी भ्रमिष्टासारखी वागली, एकदम चिडली, रडली, तर ‘नाटकं’ हा शब्द तोंडातून काढण्याआधी तिचे बोट टोचून पाहा. त्यासाठी कपाटातला ग्लुकोमीटर आजच बाहेर काढा, त्याच्या पट्ट्यांची मुदत वाचा, आणि ती संपली असेल तर संध्याकाळच्या बाजारात नव्या घेऊन या.